तारा निघाल्या की येतो

साठी उलटल्यावर आपल्या पायांनी चालत जाऊन दातांना तारा बसवून घेणारा माणूस अख्ख्या नाशिकमध्ये एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा मामा. अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्याची हयात गेली. लोखंडाचा तुकडा केसभर चुकला तरी त्याला जेवण जात नसे. पण स्वतःचे खालचे दात एकमेकांच्या अंगावर रेललेले, त्यांच्याकडे त्याने जन्मात ढुंकून पाहिलं नव्हतं. मग मामी गेली, त्याच्या पुढच्याच वर्षी म्हणतो कसा, "दात सरळ करून घेतोय. अडीच-तीन वर्षं तरी जातील म्हणाली डॉक्टर." एवढा वेळ लागणार म्हणून खूश झालेला पेशंट मी तेवढाच पाहिला.

त्या खुशीचं कारण मला ठाऊक होतं. माझा मामेभाऊ पुण्याला नोकरीला. बाप नाशिकला सिडकोतल्या घरात एकटा राहतो, स्वतःच्या भाकऱ्या स्वतः थापतो, हे त्या बिचाऱ्याला फार लागायचं. "बाबा, आता इकडे या," असं तो दर रविवारी फोनवर म्हणायचा. पोरगा मनापासून बोलवायचा, त्यामुळे मामाला नाही म्हणवत नसे. आणि नाशिक सोडायला मन घेत नसे. तारा लागल्या आणि रविवारचं उत्तर तयार झालं. "येतो रे, तारा निघाल्या की येतो. मध्येच डॉक्टर बदलता येत नाही."

डॉक्टर म्हणजे कॉलेज रोडची, माझ्याहूनही लहान मुलगी. तिने आधी तारा लावायलाच नकार दिला होता. हिरड्यांतून रक्त येत होतं, एक्स-रेमध्ये दातांभोवतीचं हाड थोडं खाली गेलेलं दिसत होतं. "काका, दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नाही," ती म्हणाली. "हलकेच दाबत राहिलं की पुढचं हाड विरघळतं आणि मागे नवीन भरतं. पण हिरड्या सुजलेल्या असल्या तर नुसतं विरघळतं, भरत नाही." मामा खुर्चीतच उठून बसला. "म्हणजे पुढे खोदत जायचं आणि मागून लगेच बुजवत यायचं? असं काम मी अजून एकाही रस्त्यावर पाहिलं नाही बुवा."

त्या दिवसापासून हिरड्या हा त्याचा धर्म झाला; त्या सुधारल्या तेव्हाच तिने तारा बसवल्या. शर्टाच्या ज्या खिशात पूर्वी पट्टी आणि पेन्सिल असायची, तिथे बारके बारके ब्रश आले. मिसळ खायला गेला की शेवटचा पाव तोंडात असतानाच बेसिन गाठायचा आणि तारांमधली शेव एकेक करून काढत बसायचा; मागे हात धुणाऱ्यांची रांग लागायची. संक्रांतीला कोणी तिळाची वडी दिली की चारचौघांत रुमालात बांधून बत्त्याने कुटायचा. एका लग्नात तर त्याने नवरदेवाच्या वडलांना आ करायला लावलं. "हिरडी उतरलीये तुमची," एवढं सांगून जेवायला बसला. त्या गृहस्थांनी जिलबीला हात लावला नाही.

एवढं सगळं करून दात मात्र जागचे हलेनात. तीन वर्षं होत आली तशी डॉक्टर बुचकळ्यात पडली. तारांना अडकवायची बारीक रबरं दिवसभर लावून ठेवायची असतात, ती लावता ना, असं तिने विचारलं की मामा छातीवर हात ठेवून "लावतो की" म्हणायचा. एकदा मी सोबत गेले, तर दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून स्वारी खिशातली रबरं दातांना अडकवत होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस."

त्याच दिवशी डॉक्टरने नवीन एक्स-रे समोर धरला. "काका, या दाताची हिरडी उतरायला लागलीये. तारा उगाच लांबवल्या तर मुळं झिजून आखूड होतील. आणि उतरलेली हिरडी आपणहून परत वर चढत नाही."

मामाने बराच वेळ फोटो निरखला. "मग दात पडेपर्यंत साधारण किती वर्षं जातील?"

ती आधी हसली. मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. "काका, तारा निघाल्या की काय होणार आहे?"

"पुण्याला जावं लागेल," मामा म्हणाला. ती पोर मोठी शहाणी. म्हणाली, "रबरं लावा, तारा लवकर काढू. पण तुमचं हाड नाजूक आहे. दर तीन महिन्यांनी मला दाखवायला यावं लागेल, आणि माझ्याकडेच."

मग काय, मामाने रबरं अशी लावली की दात बघता बघता रांगेत आले. तो पुण्याला गेला आणि दर तीन महिन्यांनी येऊ लागला. तपासणीला पंधरा मिनिटं लागत, राहणं आठ-दहा दिवसांचं. सिडकोतलं घर उघडून झाडून काढायचा, मामीने लावलेल्या कढीपत्त्याला आळं करायचा, अंबडला जाऊन गेटबाहेरच्या टपरीवर जुन्या लोकांबरोबर चहा प्यायचा. पुण्यात जीव रमत नाही असं तो कधी बोलला नाही. सून फार चांगली आहे, हे मात्र दर वेळी सांगायचा.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज अगदी बसलेला. "अगं, सुनेने इथल्याच एका डॉक्टरकडे नेलं. हिरड्या घट्ट आहेत. जुन्या एक्स-रेपेक्षा हाड जराही खाली गेलेलं नाही. आता वर्षातून एकदा दाखवलं तरी पुरे, तेही इथेच."

"बरंच झालं की," मी बोलून गेले. मग लक्षात आलं, त्याचं नाशिकला यायचं निमित्तच संपलं.

"मामा, मग असाच ये ना."

"असाच कसा येऊ? पोराला काय सांगू, बाबाला इथे करमत नाही? किती करतात ती दोघं माझं."

मग म्हटलं, "मामा, माझेही खालचे दात सरकल्यासारखे वाटतायत. तारा लावाव्यात का, कळत नाही. एकटीने जायचा धीर होत नाही बघ."

लगेच त्याचा टूलरूममधला जुना करडा आवाज आला. "मी येईपर्यंत कशालाही हो म्हणू नकोस. आधी हिरड्या बघू. किती वर्षं लागतील म्हणाली डॉक्टर?"

"अजून विचारलं नाही."

"मी विचारतो," मामा म्हणाला, आणि आपली बॅग कुठे ठेवलीये असं सुनेला ओरडून विचारतानाच फोन बंद झाला.

मी आरशासमोर जाऊन ओठ खाली ओढून पाहिलं. दात तसे बरे आहेत माझे. तरी लगेच कॉलेज रोडला फोन लावला, वेळ घेतली आणि त्या मुलीला म्हटलं, "जरा नीट बघा हं, काहीतरी सापडेलच."