'मी ठीक आहे' म्हणणारा जखमी

पोस्टवर पोचलो तेव्हा माझा बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंटचा कोर्स होऊन पंधरा दिवस झाले होते. नाव लांबलचक, काम सरळ. पायदळातल्याच एका जवानाला काही आठवडे शिकवायचं आणि सांगायचं, डॉक्टर येईपर्यंत जखमीला जिवंत ठेव. आमच्या सेक्शनमध्ये तो जवान मी होतो. तेव्हा लान्स नाईक होतो. गाव कर्जत तालुक्यातलं.

सेक्शनमध्ये नगर जिल्ह्यातले आम्ही दोघंच. दुसरा नाईक दत्तू गुंजाळ, संगमनेरकडचा. माझ्याहून सीनियर, पण जिल्हावाला म्हणून अरेतुरे चालायचं. मी त्याला बागायतदार म्हणायचो, तो मला दुष्काळी. मी आंघोळीला दोन मग पाणी जास्त घेतलं की म्हणायचा, जपून, एवढं पाणी बघून कर्जतच्या माणसाला चक्कर येईल. घरून त्याला पेढे आले की अर्धे माझे असायचे.

तुम्हा लोकांना फौजेची एक खोड सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फौजेत दुखतंय म्हणून सांगत नाहीत. सिक रिपोर्टला जाणाऱ्याला लंगरातल्या स्वयंपाक्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे चिडवतात. साहेबांनी विचारलं, कैसे हो, की उत्तर एकच, ठीक हूँ साहब. ताप असो, पाय मुरगळलेला असो, उत्तर बदलत नाही. रिक्रूट असल्यापासून हे इतकं घोटून घेतात की पुढे ते खोटं आहे हे आपल्याही लक्षात येत नाही.

त्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला आमची गाडी वळणावर घसरून नाल्यात गेली. गाडीत पाच जण. मी बाहेर फेकला गेलो, गुडघा फुटला, बाकी शाबूत. ड्रायव्हर आणि आणखी एक जण किरकोळ खरचटून निघाले. एका नव्या जवानाची मांडी मोडली होती आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता. दत्तू स्वतःच्या पायानं बाहेर आला, त्या जवानाला ओढून काढायला त्यानंच मला हात लावला.

मी विचारलं, "दत्तू, लागलं का कुठं?"

"मी ठीक आहे. तू त्याला बघ."

मी त्याला बघितलं. स्प्लिंट बांधला, रक्त थांबवलं, इंजेक्शन दिलं. रेडिओवर माझाच आवाज होता. एक कॅज्युअल्टी, बाकी सब ठीक, ओव्हर. दहा पंचवीसला दत्तू टायरला टेकून बसला. थकला असेल, असं मला वाटलं. दहा पन्नासला त्याची नाडी लागेना. मी छाती दाबत राहिलो, अकरा वीसला डॉक्टर साहेब पोचले आणि त्यांनी माझे हात धरून थांबवले. पोटात प्लीहा फुटली होती. अंगावर एक ओरखडा नव्हता.

मला कुणी बोललं नाही. डॉक्टर साहेब म्हणाले, आधी कळलं असतं तरी कदाचित वाचला नसता. त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. पण तो 'कदाचित' मला पुढची सगळी नोकरी पुरला. दत्तूच्या आईला आम्ही काय सांगितलं? जागेवरच गेला, त्रास झाला नाही. सांगणारा मीच. दर दिवाळीनंतर एकदा संगमनेरला जायचो, माऊली जेवायला वाढायची, आणि दरवेळी मी तेच सांगून यायचो. लाज वाटायची. तरी सांगायचो.

हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. एका साखर कारखान्यावर सिक्युरिटीची नोकरी ठरली होती. मी ती सोडून नगरला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनच्या कोर्सला नाव घातलं. बायको म्हणाली, घोडा म्हातारा झाला आणि आता शाळेत चालला. वर्गात सगळी वीस-बावीसची पोरंपोरी. पहिल्याच दिवशी मी फौजीकाका झालो. शिकवायला शिंदे मॅडम. माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान, पण शिस्त अशी की आमच्या उस्तादांनी सॅल्यूट ठोकला असता.

मला वाटायचं, मला काय शिकवणार ही. रक्त थांबवायचा आवळपट्टा, टूर्निके, मी डोळे झाकून बांधतो. पहिल्या प्रॅक्टिकलला वर्गातल्याच तिघांना जखमी म्हणून झोपवलं होतं. एक पोरगा बोंबलत होता. एक पोरगी भिंतीला टेकून बसली होती. मी तिला विचारलं, ती म्हणाली, मी ठीक आहे. मी पुढे गेलो आणि बोंबलणाऱ्याला चार मिनिटांत झकास बांधून काढला. मॅडमनी वहीत शून्य मांडलं.

"फौजीकाका, ती गेली. तुम्ही तिला हातसुद्धा लावला नाहीत."

दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर पुन्हा दूधच घटाघटा प्यायलो होतो. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो. मॅडम मागून आल्या तेव्हा मी त्यांना दत्तूचं सगळं सांगितलं. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांनी माझं सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाल्या, पेशंट बोलतो ते कागदावर लिहा, पण हातानं बघितल्याशिवाय खरं मानू नका. उद्यापासून वर्गाआधी अर्धा तास या.

दीड महिना रोज सकाळी साडेआठला मी धडधाकट माणसांना तपासलं. वॉचमन, झाडूवाली मावशी, चहावाला. नाडी, श्वास, त्वचा, मान, छाती, पोट, कंबर, हातपाय. एक पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. चहावाला वैतागून म्हणाला, काका, मला आजार निघाल्याशिवाय तुम्ही सोडत नाही वाटतं.

शेवटच्या महिन्यात ॲम्ब्युलन्सवर ड्यूटी लागली. सोबत एक डॉक्टर आणि ड्रायव्हर. एका दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी कर्जत रस्त्यावरचा कॉल आला. उसाच्या ट्रॉलीला मागून पिकअप धडकला होता. आम्ही दोन बावन्नला पोचलो. पिकअपचा ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला, डॉक्टर तिकडे धावले. रस्त्याच्या कडेला पिकअपमधलीच एक बाई मोडका हात धरून रडत होती. तिचा सासरा, साठीचा शेतकरी, सांडलेल्या पिशवीतलं सामान गोळा करत होता.

मी म्हणालो, "नाना, बसा. बघू द्या मला."

"मला काय झालं न्हाई. सुनबाईला बघा आदी."

जमलेली माणसंही म्हणाली की म्हातारा ठणठणीत हाय, पोरीला न्या. मी नानांचं मनगट धरलं. हात गार, घामानं ओला. नाडी एकशे चोवीस. सदऱ्याखाली पोट चाचपलं तर लाकडासारखं कडक. डॉक्टरांना हाक मारून आकडे सांगितले. ते तिकडूनच म्हणाले, त्याला आडवा करा आणि दोघांना घेऊन लगेच निघा, मी इथं थांबतो, दुसरी गाडी मागवतो.

पण नाना स्ट्रेचरवर झोपायला तयार होईनात. त्याच गाडीत सुनेनं शेजारी बसायचं आणि सासऱ्यानं तिच्यासमोर अंग उघडं टाकून झोपायचं, हे त्यांना पटेना. लोक काय म्हणतील, म्हणाले. मी विनवलं, मग कमांड देऊन बघितली. फौजेत चालली असती, कर्जत रस्त्यावर चालली नाही. एक-एक मिनिट जात होतं. मला घड्याळाकडे बघवत नव्हतं.

शेवटी सून रडायची थांबली. जवळ आली, चांगल्या हातानं नानांचा दंड धरला.

"मामंजी, माजा हात मोडलाय, जीव न्हाई. झोपा तुमी. मी तिकडं तोंड करून बसते."

नाना झोपले. सून अख्ख्या रस्त्यात खिडकीकडे तोंड करून बसली. मी सलाईन लावली, ऑक्सिजन दिला, दर पाच मिनिटांनी बीपी घेतलं. हॉस्पिटलला फोनवर सांगितलं, दोन पेशंट, पहिला पुरुष, वय साठ, पोटात रक्तस्राव असावा, ऑपरेशनची तयारी ठेवा. प्लीहाच फुटली होती. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर नाना सुनेवर कुरकुरत होते की चहात साखर कमी आहे. मी वॉर्डाबाहेर येऊन भिंतीला तोंड लावून रडलो.

त्याच रविवारी पहिल्या एसटीनं संगमनेरला गेलो. दिवाळी नव्हती, म्हणून माऊलीला नवल वाटलं. तिनं चुलीवर भाकरी टाकली होती. मी जेवायला बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. दत्तू जागेवर गेला नव्हता. मी ठीक आहे म्हणाला आणि मी त्यावर विश्वास ठेवला. माझ्यासमोर तास-सव्वा तास होता, मी त्याला हात लावून बघितलं नाही.

तिनं तवा खाली उतरवला. मी शिवी ऐकायच्या तयारीनं उभा होतो.

"तासभर जित्ता हुता? मंग काय बोलला का?"

"पाणी मागितलं."

"दिलंस?"

पोटात रक्तस्राव असलेल्याला पाणी द्यायचं नसतं. पहिल्या आठवड्यातला धडा आहे तो. ते पाणी ही माझी दुसरी चूक, आणि ती मी मॅडमनाही सांगितली नव्हती.

"दिलं. माझ्याच बाटलीतलं. माझ्या हातानं पाजलं."

माऊली खाली बसली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "इतकी वर्सं मला वाटायचं, माजं लेकरू तहानलेलं गेलं."

मग तिनं माझ्यापुढे ताट सरकवलं. मी जेवलो.

नाईक दत्तू गुंजाळ, वय एकतीस, प्रवरेकाठचा बागायतदार. मी सकाळी ड्यूटीवर चढताना पहिलं नाव त्याचं घेतो.