माघारी जाणारं पाणी

मी ट्रॉल्या रंगवणारा पेंटर. नारायणगावच्या आसपास कांद्याच्या ट्रॉल्यांच्या फळ्या रंगवण्यात हयात गेली, पण संधी मिळेल तिथे मी समुद्रच काढला. तरुणपणी एकदा हरिहरेश्वरला पाहिला होता. इतकं पाणी आणि कालव्यासारखी पाळी कुणाचीच नाही! ते वेड पुन्हा उतरलंच नाही. बायको म्हणायची, "लई झालं तुमचं पाणी. गिऱ्हाइकानं मोर सांगितला व्हता न्हवं?"

आमच्या गावची देवी कोकणातून घाट चढून आली असं जुनी माणसं मानतात. म्हणून तिच्यामागच्या भिंतीवर समुद्र काढायचं काम आलं, तेव्हा मी हरखलो. किनारा उजव्या हाताला घेतला, लाटा त्याच्याकडे सोडल्या. निम्मं पाणी झालं आणि अर्धांगाचा झटका आला. दोन महिन्यांनी उजवा हात हलू लागला, पण ब्रश नुसता अंगाकडे ओढता यायचा, उजवीकडे ढकलता यायचा नाही. नवरात्र आठवड्यावर आलं. देवळात बसून मी देवीशी भांडलो. तुझं माहेर रंगवायला घेतलं, त्याचं हेच फळ का? भिंतीला चुना मारा, असं पुजाऱ्यांना सांगायचं मी ठरवलं.

त्याच सकाळी बाजाराला सुकी मासळी घेऊन आलेली एक कोळीण ओटी भरायला आली. भिंतीकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "दर्या बरा काढलास, भाऊ. पन सगल्या लाटा येतानाच. माघारी जानारा पानी कुठं हाय?"

मला राग आला. खरं तर तिचं बरोबर होतं. आम्ही कालव्याची माणसं. आमच्याकडे सोडलेलं पाणी पुढेच जातं. "मंग तुमीच दावा," मी म्हणालो.

तिने फरशीवर तळवा टेकवला आणि सावकाश अंगाकडे ओढला. "असा जातो, वालू घेऊन."

माझा हात तेवढाच तर येत होता! ती कधी गेली ते मला कळलंही नाही. पाच दिवस मी किनाऱ्यावरून पाणी माघारी ओढत राहिलो. घटस्थापनेला बायको भिंतीपुढे थबकली. "आवंदा तुमचं पाणी हलतंय," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

हात अजून पुढे जात नाही. मीही आता तसं मागत नाही. देवीला नमस्कार करायला तो छातीशीच आणावा लागतो, आणि तेवढा तो येतो.