सिल्क काउंटरवरच्या पोटऱ्या

कापडाच्या दुकानात दिवसभर उघडलेल्या साड्या रात्री घड्या घालून कपाटात जातात. किश्श्यांना मात्र कपाट नाही, ते आपले साठतच जातात! तंजावूरच्या आमच्या दुकानात मी सव्वीस वर्षं सिल्क काउंटरला आहे, तेव्हा माझ्याकडे किती साठले असतील बघा. आज फक्त पायांचे सांगतो.

म्हणजे असं, की सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ आम्ही उभे. गिऱ्हाईक खुर्चीवर, आम्ही उभे! मग रात्री डोळा लागला रे लागला, की पोटरीत गोळा येतो. ज्याला येतो त्यालाच कळतं. सकाळी अकराच्या चहाला आमच्याकडे पहिला प्रश्न एकच, "काल कुणाचा पाय?"

वरच्या मजल्यावरच्या या काउंटरवर आम्ही चौघं. सुपरवायझर सेल्वम, ओरत्तनाडूहून येणारा मुरुगेसन, मी आणि रुक्मिणी अक्का. अक्का आणि मी मराठी, बाकी सगळं दुकान तमिळ. अक्का तीस वर्षं रोज पापनाशमहून येतात. नवरीच्या आईकडे एकदा बघतात, आणि तिसरी साडी काढतात ती नेमकी तिच्या मनातली! मी एवढी वर्षं शेजारी उभा आहे, मला अजून ते जमलेलं नाही.

यंदा अक्कांच्या पायांनी फारच छळ मांडला. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. त्यावर मुदलाळींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तोडगा काढला. दिवाळी संपली की अक्कांनी तळघरात बसून साड्यांना लेबलं लावायची! त्यांना वाटलं, मोठी मेहरबानी केली. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मज काळोखांत बसवतात होय, गोपाळराव? तिकडे नवरी दिसणार नाहीं, तिची आई दिसणार नाहीं. बसेन तर इकडेच बसेन!"

मग काय, दिवाळीच्या आत अक्कांचा पाय बरा करायचा, असं काउंटरनं ठरवलं.

*

पहिला मान मुरुगेसनचा. त्याची आजी म्हणायची, पायाखाली लोखंड ठेवून झोपावं, गोळा जवळ येत नाही. अक्कांना सांगण्याआधी स्वतःवर करून बघतो म्हणाला. मोठा प्रामाणिक माणूस! पण घरात जड लोखंड कुठलं? दुकानाच्या चाव्यांचा जुडगा विश्वासानं त्याच्याकडे असतो. तोच पोटरीखाली घेतला आणि गाढ झोपला.

सकाळी साडेनऊला मुदलाळी, आम्ही सगळे आणि एक नवरी असे बंद शटरसमोर उभे! जुडगा ओरत्तनाडूला, अंथरुणात.

मुदलाळींनी विचारलं, "गोळा आला का रात्री?"

"नाही सार! अजिबात नाही!"

"बरं झालं. आता चावी आण!"

जाऊन-येऊन दोन तास लागले. तोवर अक्कांनी त्या नवरीला बाहेरच्या पायरीवर बसवून तिच्या मनातला रंग काढून घेतला होता. शटर उघडल्यावर दहाव्या मिनिटाला साडी ठरली.

*

सेल्वमचा विश्वास केळ्यावर. रोज दोन पूवन केळी खाल्ली की पाय ताळ्यावर येतात, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. पठ्ठ्यानं अक्कांसाठी अख्खी फणी आणून काउंटरवर ठेवली.

तेवढ्यात एक मोठं कुटुंब मुहूर्ताची साडी घ्यायला आलं. आता आमच्याकडे असली साडी तबकात घालून, पानसुपारी आणि केळ्यांसकट हातात देतात. त्यांच्या आजीबाईंनी फणी बघितली आणि त्यांचे डोळेच भरून आले. म्हणाल्या, "किती रीतभात पाळता हो तुम्ही!" आणि फणी उचलून तबकात! साडीला नमस्कार केला, आम्हाला आशीर्वाद दिला आणि निघाल्या. मागायची कुणाची हिंमत!

सेल्वम जिन्याकडे बघत म्हणाला, "जाऊ दे. नवरीच्या पायात तरी गोळा येणार नाही!"

*

माझ्या बायकोनं तिळाच्या तेलात कापूर घालून बाटली दिली. म्हणाली, आधी तुम्ही लावा, मग अक्कांना द्या. लावताना सुनावलंही, "बारा तास परक्या बायकांसमोर हसता, आणि पाय रडायला आमच्या घरी येतात!"

तेलानं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी मी जी साडी उघडीन तिला गिऱ्हाईक नाक लावून बघायचं. शेवटी एक बाई म्हणाल्या, "जुना माल आहे का हो?" मी हातच मागे घेतले. अक्कांनी तीच साडी माझ्या पुढ्यातून ओढली, स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, "अम्मा, ही देवळात नेसायची साडी. कापूर लावूनच ठेवतो." बाई दोन घेऊन गेल्या!

*

अक्कांचा स्वतःचा उपाय आईकडून आलेला. गोळा आला की ओरडायचं नाही, उठायचं, तळवा गार फरशीवर सपाट टेकवायचा आणि भिंतीला दोन्ही हातांनी रेटायचं. झोपायच्या आधी केलं तर आणखी चांगलं. त्यांनी आम्हालाही शिकवलं. मग रोज दुकान बंद व्हायच्या आधी आम्ही चौघं ओळीनं भिंत रेटत उभे!

एकदा मुदलाळी अचानक वर आले. बघतच राहिले.

"काय रे, भिंत पडतेय का?"

अक्का मान न वळवता म्हणाल्या, "नाही सार. भिंत आम्हाला धरून आहे!"

सगळ्या उपायांत हाच खरा. मी आजही करतो. पण अक्कांचा गोळा काही पूर्ण जाईना. दिवसभर उभं राहून कमावलेला, रात्रीच्या पाच मिनिटांत कसा जाणार?

*

आणि स्टुलं नव्हती असंही नाही हं! दुकानातल्या माणसांना बसायला जागा द्यायची, असा नियम झाला तेव्हाच मुदलाळींनी चार चकचकीत स्टुलं आणली. पहिल्या दिवशी कुणी बसेना. गिऱ्हाईक यायचं आणि आपण बसलेले? छे! दुसऱ्या दिवशी सेल्वमनं एका स्टुलावर चार साड्या टेकवल्या. आठवडाभरात चारही स्टुलांवर साड्यांचे ढीग! मुरुगेसन म्हणायचा, "बसायचा नियम साड्यांना चांगला समजला."

*

दिवाळी संपली. सोमवारपासून अक्का तळघरात जाणार, आणि त्याआधीच्या शुक्रवारी मुदलाळींच्या आई, आमच्या मोठ्या अम्मा, नातीच्या लग्नाची साडी घ्यायला आल्या. सोबत नात, सुना आणि स्वतः मुदलाळी. मोठ्या अम्मा खुर्चीत बसल्या. "रुक्मिणी दाखवेल, दुसरं कुणी नको," असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं.

पाचव्या साडीला अक्कांचा चेहरा पांढरा पडला. गोळा आला, तोही भरदिवसा! अक्का ओरडल्या नाहीत. पण तोल गेला, आणि त्या सरळ स्टुलावरच्या ढिगावर बसल्या. खाली सगळं रेशीम! अक्का उठायला धडपडल्या.

मोठ्या अम्मा म्हणाल्या, "बस तशीच! तीस वर्षं तुझ्याकडे वर बघून माझी मान मोडलीय. आज पहिल्यांदा तुझं तोंड नीट दिसतंय."

मग त्या मुलाकडे वळल्या. "तू उभाच आहेस ना? मग उघड साड्या."

मुदलाळींनी साड्या उघडल्या! अक्का बसून सांगायच्या, "सार, वरच्या खणातली, डावीकडची." मुदलाळी ताणून काढायचे, झटकून पसरायचे. नातीला रंग पटेना, सुनांना काठ पटेना. जेवणाची वेळ टळली. मध्ये एकदा मुदलाळी हळूच टेकायला गेले, तर मोठ्या अम्मा म्हणाल्या, "गिऱ्हाईक समोर आहे!" पाच तास! आम्ही तिघं मान खाली घालून घड्या घालत होतो, एकमेकांकडे बघायची सोय नव्हती. शेवटी अक्कांनी नातीला नुसतं जवळ बोलावलं, तिच्या आईकडे एकदा बघितलं, आणि मुदलाळींना एक साडी काढायला सांगितली. ती सगळ्यांना पसंत पडली.

शनिवारी मुदलाळी उशिरा आले. इतक्या वर्षांत प्रथमच. एकेक पायरी चढत, कठड्याला धरून. सेल्वमला म्हणाले, "स्टुलांवरचा माल उचल. आणि लेबलांना दुसरा माणूस बघ." मग मोकळ्या झालेल्या एका स्टुलावर ते अक्कांच्या शेजारी बसले. बराच वेळ पोटरी चोळत राहिले.

मग हळू आवाजात विचारलं, "अक्का, तुम्हाला हे रोज रात्री होतं?"

अक्का म्हणाल्या, "रोज नाही, सार. मंगळवारी माझी सुट्टी असते."