भिक्खूंच्या पायाला लागलेला हात

सांगलीच्या स्टँडवर अण्णांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवून दिली आणि म्हणाले, "परक्या घरी गेलास की आधी चपला कुठे काढल्यात ते बघ. मग तोंड उघड." मी चोवीस वर्षांचा होतो, इंग्लंडला निघालो होतो. वर्षभराने लग्न करून सुमनला कॉव्हेंट्रीला घेऊन आलो.

रांगेत उभं राहणं, न कळवता कुणाकडे न जाणं, दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी आपणच सॉरी म्हणणं, हे मी पटापट शिकलो. पुढे त्याचाच तोरा झाला. बसमध्ये, कौन्सिलच्या ऑफिसात, शेजाऱ्यांकडे मी सुमनला कोपराने ढोसायचो. "इथे असं करत नाहीत." तिने ते जन्मभर ऐकलं.

सांगलीच्या भावंडांनो आणि इथल्या आपल्या माणसांनो, माझ्या मुलाच्या, निखिलच्या लग्नातली एक गोष्ट तुम्ही सगळे हसत सांगता. ती तशी घडलेली नाही.

निखिलची बायको नॉय थायलंडची. लग्न तिच्या गावी होतं. निघण्याआधी निखिलने ईमेलवर यादी पाठवली. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, बसताना तळपाय कुणाकडे करू नका, बायकांनी भिक्खूंना शिवायचं नाही. मी ती प्रिंट करून वाचली आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. विमानात सुमन म्हणाली, "अहो, मला वाचून दाखवा ना." तिला इंग्रजी वाचायला वेळ लागे.

"आपल्यासारखंच आहे गं सगळं. आणि मी आहे ना."

लग्नाच्या सकाळी नॉयच्या घरी भिक्खू आले. सगळ्यांत वृद्ध भिक्खूंनी आमच्यावर पाणी शिंपडलं. सुमनने हळूच विचारलं, "पाया पडू ना हो?"

"पड की. विचारतेस काय?" मी हातानेच तिला पुढे हो म्हटलं.

यादी विसरलो होतो असं म्हणता येईल. पण खरं म्हणजे मी तिचं बोलणं नीट ऐकलंच नाही. फोटोग्राफर समोर होता. तिने पुढे होऊन भिक्खूंच्या पायाला हात लावला. त्यांनी झटकन पाय आखडला. नॉयच्या आजीने तोंडावर हात घेतला. निखिल लाल झाला. "आई, लिस्ट पाठवली होती ना मी!"

तेव्हा मी म्हणालो, "किती वेळा सांगितलं हिला."

सुमनने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. पुढे दर दिवाळीला लंडनजवळ पिनरला निखिलच्या घरी हा किस्सा निघायचा आणि तीही सगळ्यांबरोबर हसायची. घरी परतल्यावर तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. ती जाऊन दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात नात मीरा आजोळी थायलंडला निघाली होती. जेवताना म्हणाली, "आजीने मंकचा पाय टच केली ना आजोबा? सो फनी! मी नाय करणार तसं."

मी चमचा खाली ठेवला आणि जे घडलं ते सांगितलं. विमानातलं, नंतरचं, सगळं. निखिलने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "बाबा, मी तिला सगळ्यांसमोर ओरडलो होतो."

नॉयला मराठी येत नाही, म्हणून मी तिला इंग्रजीत सांगायला लागलो. तिने मला थांबवलं. म्हणाली, "मला माहीत आहे. मी मागेच बसले होते. आईंनी तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही त्यांना हाताने पुढे व्हायला सांगितलंत. मी नंतर आईंना म्हटलं, मी निखिलला सांगते. त्यांनी हात जोडून नको म्हटलं."

"मग इतकी वर्षं?"

"मोठ्यांना चारचौघांत खाली बघायला लावायचं नाही, असं आमच्याकडे असतं. आणि आईंनी नको म्हटलं होतं."

त्या यादीत हे नव्हतं.

मी कुठला, असं कुणी विचारलं तर इतकी वर्षं सांगली म्हणायचो, मग कॉव्हेंट्री. परवा पुन्हा पिनरला गेलो. निखिल फारसा बोलला नाही. नॉयने मला नेहमीच्या जागी बसवून भात वाढला. माझं खरं काय ते जिथे माहीत आहे असं आजवर ते एकच घर आहे; आता मी त्या घरचा. मी जेवलो, ताट धुतलं आणि रात्री राहिलो.