नवी नळी

ताईने धाकट्या भावाला आपली एक किडनी दिली होती. ती टिकवायचं औषध त्याच्या रक्तात पुरेसं आहे का, हेही इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तीच तपासायची. भाऊ चिडवायचा, "माल तुझा, तपासनीसही तूच. तक्रार करायची कुणाकडे?"

तपासणी व्हायची वीतभर पोलादी नळीतून. कॉलम म्हणतात तिला. आत वाळूसारखे बारीक कण, आणि कणाकणाला तेलकट शेपट्या चिकटवलेल्या. रक्ताचा अर्क सोडला की तेलकट असेल ते शेपट्यांना बिलगून बसतं, उशिरा बाहेर येतं. पाणचट ते सुळकन आधी निघून जातं. औषध उशिरा यायचं, शरीराने ते मोडून केलेला कचरा आधी. दोघांची गाठ पडायची नाही.

जुनी नळी थकली म्हणून साहेबांनी दुसऱ्या कंपनीची आणली. नाव तेच, शेपट्याही तेवढ्याच लांब. औषध मात्र जरा लवकर येऊ लागलं. "नवा गडी, नवं राज्य," ताई म्हणाली. तिने शुद्ध औषध घालून पाहिलं, चोख आलं, कामाला लागली. अहो, शुद्ध औषधात कचरा असतो कुठे दिसायला! एवढं एक तिच्या ध्यानात आलं नाही, नि तेच नडलं.

भावाच्या रक्तात औषध जास्त दिसलं. डॉक्टरांनी गोळी कमी केली. पुढच्या खेपेला आकडा बरोबर आला, ताईचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन त्याच्यावर ओरडलीसुद्धा, "आता तरी नीट जेव, मेल्या!"

मग त्याचे पाय सुजले. शरीर किडनी नाकारत होतं. औषध पुरेसं, मग हे कसं? ताईने कपाटातली जुनी नळी काढून जोडली आणि त्याच्या रक्ताचा उरलेला अर्क त्यातून सोडला. पडद्यावरच्या आलेखात एका उंच सुळक्याच्या जागी दोन उभे राहिले, त्यातला औषधाचा अगदीच बुटका. नव्या नळीत शेपट्या विरळ होत्या. त्यांनी औषध लवकर सोडलं, मधल्या उघड्या कणांना पाणचट प्यारं, त्यांनी कचरा अडवून धरला, आणि दोघं हातात हात घालून बाहेर पडले. इतके दिवस ती कचरा मोजून खूश होत होती. कपाळकरंटी कुठली!

ती तशीच डॉक्टरांकडे धावली. गोळी वाढवली, इंजेक्शनं दिली, कशाचा उपयोग झाला नाही. किडनी गेली. दुसरी द्यायला घरात तिसरं माणूस नव्हतंच.

भाऊ डायलिसिसच्या मशीनला जोडलेला होता. ताई उशाशी बसली, तशी त्याने मान वळवली.

"माझंच चुकलं असणार गं. एखादी गोळी राहिली असेल घ्यायची. तू पोट फाडून दिलंस, मला सांभाळता आलं नाही."

"गप्प बस," ताई म्हणाली. "एकही गोळी चुकवली नाहीस तू. मला ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक?" त्याने विचारलं.

आणि ताईला ते सांगावं लागलं.