दुसरा गाल

एम.एस.ला असताना माझा प्रबंध तोंडाच्या कॅन्सरवर होता. ऑपरेशन झालेले रोगी पुन्हा तपासणीला येतच नसत, त्यामुळे प्रबंध अडून बसलेला. न चुकता यायचा तो एकच, कोराडीच्या वीजकेंद्रात कोळशावर कामाला असलेला. त्याचा डावा गाल आम्ही कापून तिथे कपाळाची कातडी लावली होती. बोलताना ती हलायची नाही. उजवा गालच दोघांचं काम करायचा. व्हरांड्यातल्या नव्या रोग्यांना तो आपली कातडी अशा ऐटीत दाखवायचा, की ऑपरेशन जणू त्यानंच केलं असावं.

एकदा त्यानं तोंड उघडलं, तर उजव्या गालात तंबाखू! मी ओरडलोच. "काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमीच म्हटलं ना जी, या गालात ठेवू नका," डाव्या गालाची कातडी चाचपत तो म्हणाला. "तवापासून या बाजूले चिमूटभर नाही ठेवली."

आता याला काय म्हणावं? मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. तो मान डोलवत राहिला. मग त्यानं बरोबरच्या जोडीदाराला पुढे ढकललं. "हा येऊन नव्हता राहिला जी, ओढून आणलं." त्या माणसाच्या गालात कॅन्सरच्या आधी दिसतो तसा पांढरा चट्टा होता, अगदी वेळेवर सापडलेला. माझा सगळा राग विरघळला.

थोड्या वेळानं बाहेर आलो, तर दोघं पायरीवर. हा तळहातावर तंबाखू मळत होता.

"काहून भेतं गा?" अर्धी चिमूट जोडीदारापुढे धरत तो म्हणाला. "देवानं दोन गाल उगाच देल्ले का?"