तिची वही आणि माझं रजिस्टर

मी नगरमधल्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. दहावीनंतर नर्सिंगचा छोटा कोर्स केला, बाकी सगळं काम करता करता शिकले. आता रिटायर होऊन सावेडीत राहते. लोक मला प्रेमळ म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, होतेच मी प्रेमळ. माहेरचं कुणी आलं नसेल त्या बाळंतिणीला घरून शिरा करून न्यायचे.

त्या मुलीलाही पहिल्या दिवशी माझ्याच डब्यातली भाकरी दिली. पुणतांब्याकडची शेतकऱ्याची पोर, नर्सिंगची पदवी घेऊन आलेली. त्याच दिवशी तिला वॉर्डाची रीत सांगितली. सकाळी सात वाजता बाळांच्या कपाळाला हात लावायचा, गरम लागलं नाही की रजिस्टरमध्ये टेंपरेचर लिहायचं अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, ओळीनं सगळ्यांना. एवढ्या बाळांच्या काखेत थर्मामीटर धरत कोण बसणार? मलाही माझ्या इन्चार्जनं असंच शिकवलं होतं.

तिनं मान हलवली, पण ती प्रत्येक काखेत थर्मामीटर धरत बसायची.

पुढं दवाखान्यात एक पत्रक आलं. वॉर्डात काम करणाऱ्या नर्सनं आपल्याच कामावर संशोधन करावं, आठवड्यातल्या दोन दुपारी त्यासाठी मोकळ्या मिळतील, नर्सिंग कॉलेजच्या मॅडम शिकवतील, जमलं तर त्यातूनच पुढं पीएचडी. अट एकच, नाव पक्कं व्हायला इन्चार्जची शिफारस हवी. मुलगी हरखली. आम्ही बाळ जन्मलं की आधी स्टीलच्या काट्यावर ठेवायचो. तिचं म्हणणं, आधी आईच्या उघड्या छातीवर ठेवून बघू, वजन मागून करू, बाळ कमी गार पडतं का ते लिहू. तिनं आधीपासूनच वही केली होती. ती माझ्यापुढं उघडून अगदी भाबडेपणानं म्हणाली, "बाई, आपलं रजिस्टर आन् माझी वही जुळत न्हाई. थंडीत आपली लई बाळं गार असतात."

त्या रजिस्टरच्या पानापानावर माझी सही होती.

मी ओरडले नाही. चहा पाजला तिला. मग रोज थोडं थोडं सुरू केलं. ती वही घेऊन उठली की मी सगळ्यांदेखत विचारायचे, संशोधक बाई, इंजेक्शनचा ट्रे कोण लावणार, तुमचे वडील? आमच्या आया मावशी तर माझ्यावर वरताण. "पत्रिका मांडताय का बाळाची? बघा बरं, मंगळ हाय का," म्हणायच्या आणि वॉर्डभर हशा. दोन दुपारी मोकळ्या द्यायच्या होत्या, तर नेमक्या त्याच दुपारी मी तिला गॉज कापायला बसवायचे. ती गॉज कापायची आणि सुटी झाल्यावर थांबून बाळं मोजायची. ते बघून मला जास्तच राग यायचा.

जानेवारीत पाथर्डीकडची एक ऊसतोडीवाली बाळंत झाली. बाळ लहानखुरं. सकाळी सातला मी रीतीप्रमाणं आकडा लिहिला. आठला त्या मुलीनं थर्मामीटर लावला तर चौऱ्याण्णव. बाळ दूध ओढेना. तिनं बाळाला आईच्या झंपरात उघडं घातलं, वरून स्वतःचा स्वेटर आणि दोन रग टाकले, आणि जागची हलली नाही. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत गेली. दुपारपर्यंत बाळ दूध प्यायला लागलं. चार दिवसांनी बाई बाळ घेऊन टोळीकडं गेली.

त्याच आठवड्यात शिफारशीची मीटिंग लागली. मोठे डॉक्टर, कॉलेजच्या मॅडम, मी आणि ती. डॉक्टरांनी मला विचारलं, कशी आहे मुलगी? मी म्हणाले, हुशार आहे साहेब, पण आकड्यांच्या नादात बाळं सारखी उघडी करते, परवा एक बाळ तिच्यामुळंच गार पडलं.

मग तिनं भरभर वही उघडून त्या दिवसाचं पान पुढं केलं. डॉक्टरांनी रजिस्टर मागवलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. त्यांच्या सरळ मनाला सरळच दिसलं. "सातला बाळ अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, सिस्टरांची सही आहे. आठला तुझ्या हातात चौऱ्याण्णव. मधे काय केलंस?"

ज्या आकड्यानं तिनं बाळ वाचवलं तोच तिच्या अंगावर आला. ती डॉक्टरांशी बोललीच नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, सातला तुमी थर्मामीटर लावला हुता का? तेवढंच सांगा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. विनवणीच होती ती. मी हो-नाही काहीही म्हणायच्या आधी सगळ्यांना माहीत होतं की इन्चार्जचं बोलणं शेवटचं.

"लावला होता," मी म्हणाले.

शिफारस झाली नाही. शिवाय तिला वॉर्डात बाळं हाताळायची मनाई झाली, लेखी. महिन्याभरात ती सोडून गेली. हल्ली केडगावात एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावून घ्यायला बसते असं ऐकलं. मी त्या रस्त्यानं जात नाही.

मीटिंगच्या दुसऱ्या सकाळचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. मी लवकर गेले, मावशींना चहाला पाठवलं आणि थर्मामीटर घेऊन एकेका बाळाच्या काखेत धरला. कितीतरी वर्षांनी. चार बाळं गार निघाली. त्यांच्या आयांना उठवून मी बाळं उघडी करून छातीशी दिली, रग टाकले, अगदी तिनं केलं तसं. मग रजिस्टर घेऊन बसले. आज खरं लिहिलं तर कालचं खोटं ठरणार. मी चौघांनाही अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलं.

पुढच्या वर्षी ते पत्रक पुन्हा आलं. वॉर्डात मी ते वाचून दाखवलं नाही. खाली लिहिलं, आमच्या वॉर्डातून कुणी इच्छुक नाही, आणि सही करून परत पाठवलं.